यादीत राहून जाणारी दोन नावे

हे प्रकरण मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका ॲबोरिजिनल वस्तीच्या दवाखान्यातले आहे. वस्तीचे नाव सांगत नाही. माणसांचे तपशील बदलले आहेत आणि पुढे येणारी स्किन-नावेही, म्हणजे जन्माने मिळणारी नात्याच्या गटांची नावे, बदलली आहेत. त्या नावांमधले नाते मात्र तसेच ठेवले आहे, कारण सगळी गोष्ट त्या नात्यावर उभी आहे. जिच्याबद्दल लिहिते आहे तिला विचारूनच लिहिते आहे. "माझी चूक लिहिणार की तुझी?" असे तिने विचारले. माझी, असे सांगितल्यावर ती हो म्हणाली.

पार्श्वभूमी

मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच केले, काही वर्षे ॲडलेडच्या रुग्णालयात काढली आणि मग 'रिमोट एरिया नर्स' म्हणून नॉर्दर्न टेरिटरीत गेले. वस्ती ॲलिस स्प्रिंग्जपासून गाडीने काही तासांवर होती. एक दुकान, एक शाळा, लाल मातीचे फुटबॉलचे मैदान आणि दवाखाना. दवाखान्यात आम्ही तीन नर्स, पंधरवड्याने येणारा डॉक्टर आणि जिवावर बेतलेच तर फ्लाइंग डॉक्टरचे विमान. घराघरातली भाषा वार्लपिरी. इंग्रजी इथल्या बहुतेकांची दुसरी-तिसरी भाषा, माझ्यासारखीच.

माझ्याकडे दोन कामे होती. रुग्ण बघणे आणि हेल्थ प्रॅक्टिशनरचे शिक्षण घेणाऱ्या एका स्थानिक बाईची मेंटॉर होणे. हेल्थ वर्कर हे पद या भागात जुने आहे. नॉर्दर्न टेरिटरीने त्यांची नोंदणी 1985 मध्येच सुरू केली होती. 1 जुलै 2012 पासून 'हेल्थ प्रॅक्टिशनर' म्हणून सगळ्या देशाची नोंदणी एक झाली, डॉक्टर आणि नर्स ज्या व्यवस्थेत नोंदवले जातात त्याच व्यवस्थेत. त्यासाठी सर्टिफिकेट फोर हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आपल्याकडच्या आशाताईंशी तुलना करायचा मोह होतो आणि दोघीही आपल्याच गावात काम करतात हे खरेच, पण प्रॅक्टिशनरच्या हातात जास्त असते. ती रुग्ण तपासते, इंजेक्शन देते, ठरलेल्या उपचार-पुस्तिकेप्रमाणे औषधही देते.

नर्स येतात आणि जातात. कुणी सहा आठवडे, कुणी सहा महिने. वस्तीतला माणूस तिथेच राहतो. दवाखान्याची खरी आठवण त्याच्याकडे असते, पण कागदावर तो 'शिकाऊ' असतो आणि काल विमानातून उतरलेली नर्स त्याची वरिष्ठ असते. मी त्या दुसऱ्या जातीची.

माझी शिकाऊ पस्तिशीची, तीन मुलांची आई. हात हलका. लहान मुलाचे रक्त काढताना मूल रडायच्या आत मोकळी होत असे. स्किनने ती नापानांगका. तिची मावशी मिशनच्या काळापासून या दवाखान्यात काम करून निवृत्त झालेली. इथे आईची बहीण ही आईच धरतात, हाकही तीच मारतात. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या मुलखातून आल्यामुळे हे मला पहिल्याच दिवशी समजले. बाकीचे समजायला फार वेळ लागला.

अडचण

आमच्याकडे एक यादी असायची. संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीव्हर, होऊन गेलेल्यांची. घशात किंवा त्वचेवर स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होतो, काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. गर्दीची घरे आणि नादुरुस्त नळ असलेल्या जागी हा आजार घर करतो. शहरातल्या गोऱ्या ऑस्ट्रेलियनांमध्ये तो जवळपास संपला आहे, पण नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲबोरिजिनल मुलांमध्ये त्याचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. ताप पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनची सुई द्यायची. मिरजेत आम्ही तिला 'पेनिड्युर' म्हणायचो आणि दर एकवीस दिवसांनी द्यायचो. इथे 28 दिवसांच्या आत, वर्षानुवर्षे. दुखणारी सुई आहे, घट्ट औषध, सावकाश सोडावे लागते. एकोणतिसाव्या दिवसापासून माणूस उघड्यावर.

ही यादी मी माझ्या शिकाऊ बाईच्या हवाली केली. सोमवारी यादी काढायची, ट्रूपी घेऊन, म्हणजे आमची ती मोठी लँड क्रूझर, घरोघर जायचे, माणसे आणायची आणि माझ्या देखरेखीखाली सुई द्यायची. अभ्यासक्रमाच्या नोंदवहीसाठी याहून चांगले काम नव्हते. मुले तिला बघून पळत नसत. शाळकरी मुलांचे डोस वेळेवर होऊ लागले. वीस किलोखालच्या मुलाला अर्धी मात्रा, हा हिशेबही तिला एकदाच सांगावा लागला.

दोन नावे मात्र राहायची. दोघे तरुण, एक सतरा वर्षांचा, एक तेवीसचा. यादीत त्यांच्यापुढे दर वेळी तिच्या अक्षरात 'घरी नव्हता'.

पहिले दोन महिने मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी मैदानावर जाऊन दोघांना गाठायचे आणि सुई देऊन टाकायचे. आज वाटते, पहिला चुकीचा निर्णय हाच. काम होत होते, म्हणून कारण शोधावे लागले नाही.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली, जी मी वहीत चुकीची लिहिली. सतरा वर्षांचा मुलगा पायाला काच लागली म्हणून स्वतःहून दवाखान्यात आला. आमची बाई ड्रेसिंगच्या खोलीत होती. तो मार्गिकेत शिरताच ती हातातले काम ठेवून मागच्या दाराने बाहेर पडली आणि तासभर आलीच नाही. मी लिहिले: 'रुग्ण समोर असताना काम टाकून गेली.' तारीख, वेळ, सही. पुढे ही ओळ माझ्याच अंगावर आली.

निर्णयाची वेळ

दवाखान्याच्या व्यवस्थापक बाईंनी ती नोंद वाचली आणि म्हणाल्या, आता कामगिरी सुधारणा योजना लावू. लेखी उद्दिष्टे, मुदत, न जमल्यास ताकीद. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्यावर वरून आकड्यांचा दाब होता. सही मेंटॉर म्हणून माझी लागणार होती.

मी सही लांबवली. त्याचे श्रेय घ्यावे असे काही नाही, मला फक्त कागदपत्रांचा कंटाळा आला होता. त्याऐवजी मी जे केले ते त्या सहीहून वाईट ठरले. मी ठरवले, आता आपण मध्ये पडायचे नाही. मी दोघांना मैदानावर गाठते म्हणून ती जात नाही, तिला सवय लागली आहे. मेंटॉरने हात काढून घेतला की शिकणारा हात घालतो, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. ती दोन नावे मी पूर्णपणे तिच्यावर सोडली.

हे सोडताना मी तिला विचारले होते, हेही खरे. व्यवस्थापकांच्या खोलीत, दार बंद करून, टेबलाच्या पलीकडे तिला बसवून. "या दोघांचे जमेल ना?" हो. "काही अडचण आहे?" नाही. "पुढच्या सोमवारी नक्की?" हो. या भागात जुन्या झालेल्या नर्सना आणि वकिलांना तो 'हो' ओळखता येतो. समोरच्या बड्या माणसाला बरे वाटावे आणि ही बैठक एकदाची संपावी यासाठी दिलेला असतो तो. आमच्या गावात सरकारी साहेबापुढे म्हातारी माणसे 'होय जी, होय जी' म्हणतात, तोच. घरच्या अंगणात मी तो लगेच ओळखला असता.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण लिहायला आवडत नाही. तेवीसच्याला दुसऱ्या नर्सने योगायोगाने सुई दिली. सतराच्याला कुणीच दिली नाही. शेवटच्या सुईनंतर दोन महिने होत आले होते, तेव्हा तो ताप आणि सुजलेले गुडघे घेऊन आला. त्या रात्री विमान मागवले. ॲलिस स्प्रिंग्जला केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेची गळती आधी सौम्य होती ती मध्यम निघाली. सुई कधी बंद होणार याचा हिशेब पुढे सरकला. झडपेचा दोष मध्यम असेल तर ती वयाच्या 35 व्या वर्षापर्यंत चालू ठेवतात.

मी तिला शिकवण्यासाठी त्याला मोकळा सोडला होता. शिकणाऱ्याला चुकू द्यावे, हे ठीक. त्या चुकीची किंमत तिसऱ्याच्या हृदयाने भरावी, हे मला कुणी शिकवले नव्हते. पण ते शिकवावे लागते का?

काय पर्याय होते

त्या आठवड्यात माझ्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, योजनेवर सही करणे. आता तर कारणही मोठे मिळाले होते. सही केली असती तर ती नोकरी सोडून गेली असती, याबद्दल मला शंका नाही. इथे माणसे भांडून जात नाहीत, एक दिवस यायची थांबतात. दुसरी वाट म्हणजे यादी तिच्याकडून काढून घेणे. रुग्णांसाठी सुरक्षित, पण तिच्यासाठी तो सगळ्या वस्तीसमोर 'शेम' झाला असता. तिथल्या इंग्रजीत हा शब्द आपल्या 'लाज'पेक्षा खोल जातो. तिसरी, पुन्हा बसवून विचारणे, यावेळी कडक आवाजात. त्याचे उत्तर मला आधीच ठाऊक होते.

चौथी म्हणजे मावशीकडे जाणे. यात एक अडचण होती: ती दवाखान्याची कर्मचारी नव्हती. तिच्याशी रुग्णांबद्दल अक्षर बोलता येत नव्हते आणि कर्मचाऱ्याची तक्रार तिच्या घरी नेणे हेही बरोबर नव्हते. दोन दिवस मी यावर अडून बसले. मग ठरवले की नाव कुणाचेच घ्यायचे नाही. मेंटॉर म्हणून मला काय कळत नाही, एवढेच विचारायचे.

इथे माझी आजी आठवली. आजीने आजोबांचे नाव उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. रेशनच्या दुकानात कारकुनाने "नवऱ्याचे नाव?" विचारले की ती गप्प उभी राहायची आणि शेजारणीला नाहीतर मला पुढे ढकलायची. एक नवा कारकून तिच्यावर ओरडला होता, "म्हातारे, नवऱ्याचे नाव माहीत नाही?" मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, आणि तो कारकून किती अडाणी आहे असे मला वाटले होते. मागच्या दाराने बाहेर पडणारी बाई मी डोळ्यांनी पाहिली होती आणि वहीत त्या कारकुनासारखीच ओळ लिहिली होती.

काय केले

शनिवारी मावशीला आणि आणखी दोन बायकांना घेऊन ट्रूपीने बाहेर गेले. त्यांना यार्ला काढायचे होते. रताळ्यासारखा जमिनीतला कंद, पहारीने खणून काढतात. दुपारी झाडाखाली चहा झाला. मी म्हणाले, "चांगली काम करणारी बाई काही माणसांचे काम करत नाही. मला दिसते, पण कळत नाही." ती बराच वेळ बोलली नाही. मी त्या शांततेत तोंड घातले नाही, हे माझ्याकडून झालेले पहिले शहाणपण. मग तिने वाळू हाताने सपाट केली आणि बोटाने खुणा काढू लागली.

वार्लपिरी समाजात माणूस आठ स्किनपैकी एकात जन्मतो. पुरुषांची नावे 'ज'ने सुरू होतात, बायकांची 'न'ने. आपल्याला हे गोत्रासारखे वाटते, पण गोत्र बापाकडून तसेच चालत येते, इथे ते पिढीगणिक बदलते. नापानांगकाची मुलगी नाकामारा. नाकामाराचे लग्न जापालजारीशी. म्हणजे जापालजारी हा नापानांगकाचा जावई, प्रत्यक्ष लग्न झालेले असो वा नसो. आणि सासू-जावयाने समोरासमोर यायचे नसते. एका खोलीत बसायचे नाही, नजर द्यायची नाही, बोलायचे नाही. यात तुसडेपणा नाही, हा मोठा मान आहे. प्रत्येक जापालजारीशी तो सारखाच कडक पाळत नाहीत, नाते किती जवळचे त्यावर असते.

माझ्या यादीतले ते दोघेही जापालजारी होते आणि दोघेही तिच्या जवळच्या नात्यातले. मी तिला सांगत होते की जावयाच्या दारात जा, त्याला आपल्या गाडीत बसव, खोलीत ने आणि कमरेखाली सुई दे.

"तिने मला का नाही सांगितले?" मी विचारले. मावशी म्हणाली, "सांगायचे म्हणजे त्याचे नाव घ्यायचे."

सोमवारी मी आधी तिची माफी मागितली, खोलीत नाही, ट्रूपीत, दोघींची तोंडे समोरच्या रस्त्याकडे असताना. ती हसली आणि तिथून पुढे आमचे खरे बोलणे सुरू झाले. तिने सांगितले की तो मुलगा आला त्या दिवशी ती बाहेर गेली ती त्याला आत येता यावे म्हणूनच. ती खोलीत राहिली असती तर तो पाय तसाच घेऊन परत गेला असता. वहीतली माझी ओळ मी तिच्यादेखत खोडली आणि शेजारी काय घडले होते ते लिहिले.

मग यादी बदलली. कोण कुणाचा कोण, हे कागदावर लिहायचे नाही, असे तिने बजावले. ते दवाखान्याच्या मालकीचे ज्ञान नाही. ती फक्त नावापुढे हिरवा ठिपका द्यायची. ठिपका म्हणजे हे माझ्याकडून नाही, दुसऱ्याने करा. कारण विचारायचे नाही. ठिपक्याच्या नावांची जबाबदारी त्याच दिवशी नर्सने नाव घालून स्वतःकडे घ्यायची, हा नियम मी घातला. गुरुवारी फुटबॉलच्या सरावानंतर बाजूच्या दाराने पुरुषांची वेळ ठेवली आणि वस्तीतल्या एका पुरुषाला अर्धवेळ चालक म्हणून घेतले. व्यवस्थापकांना मी योजनेऐवजी हा कागद दिला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "या इमारतीला एकच मार्गिका आहे, हे मला चार वर्षांत खटकले नाही."

नव्या नर्सना वस्तीची ओळख करून द्यायचे कामही तिने घेतले. तासाभराचे. अभ्यासक्रमाच्या शिक्षिकेने ते तिच्या एका विषयाचा पुरावा म्हणून धरले.

एक गंमत राहिली. त्याच सुमारास तिने मला बहीण मानले, म्हणजे मीही नापानांगका झाले. पुढच्या गुरुवारी तेवीसच्याने सुई घेताना भिंतीकडे बघत हळूच "सासूबाई" म्हटले आणि बाहेर त्याचे मित्र लोळण घेऊन हसले. मावशीने निकाल दिला: नर्सच्या कपड्यात असेपर्यंत मला सासू धरायचे नाही.

परिणाम

तेवीसच्याचे पुढचे सहाही डोस 28 दिवसांच्या आत झाले. सतराच्याचे ॲलिस स्प्रिंग्ज आणि वस्ती असे येणे-जाणे चालू राहिले. तिथल्या दवाखान्याला फोन करून आम्ही माग ठेवायचो, तरी दोनदा उशीर झालाच. झडपेचे जे झाले ते परत फिरत नाही.

चालक पाच महिन्यांत सोडून गेला. शिकाऊ बाईचा ॲलिस स्प्रिंग्जमधला वर्गाचा एक टप्पा चुकला, घरात मृत्यू झाला होता आणि त्या काळात कुणी कामावर येत नाही, येऊही नये. त्यामुळे सर्टिफिकेट आठ महिने उशिरा झाले. पण झाले. आज ती नोंदणीकृत प्रॅक्टिशनर आहे.

आज करायचे तर

पहिल्या आठवड्यात, नोंदवही उघडण्याआधी, मी विचारीन: "कुणाचे काम तुझ्याकडे देऊ नये?" कारण न विचारता, नावे न घ्यायला लावता, यादीवर खूण करू देऊन. आणि हा प्रश्न दवाखान्याच्या बाहेर विचारीन.

'हात काढून घेणे' ही युक्ती मी जिवाशी गाठ असलेल्या यादीवर पुन्हा वापरणार नाही. शिकणाऱ्याचे काम आणि रुग्णाची सुरक्षा यांच्या दोन वेगळ्या वह्या हव्यात. तिच्या वहीत 'राहिले' असू शकते, माझ्या वहीत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते मागे कायम नर्स उभी असेल तर शिकणारा कधी मोठा होत नाही. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही, पण त्यांनी ते मला त्या इकोच्या अहवालासमोर बसून सांगावे.

मावशीकडे जाण्याबद्दल मात्र अजून माझे मन दोन्हीकडे जाते. नावे घेतली नाहीत, तरी एवढ्या लहान वस्तीत मी कुणाबद्दल विचारते आहे हे तिला पहिल्या वाक्यालाच कळले असणार. शिकाऊ बाईला मी नंतर विचारले. ती म्हणाली, ठीक होते, पण आधी तिला सांगून जायला हवे होते. ते बरोबरच आहे.

चौदा महिन्यांनी मी सहा आठवड्यांच्या करारावर परत गेले. व्यवस्थापक नव्या, संगणकातली यादी नवी, माझा नियमांचा कागद कुठेच नव्हता. पण सोमवारी तिने यादी छापून आणली तेव्हा हिरवे ठिपके जागेवर होते. दोन नव्हे, तीन. तिसरे नाव एका मुलाचे होते, जो मी असताना फक्त तिच्याच हातून सुई घ्यायचा, तिचा पदर धरावा तसा तिचा शर्ट धरून. गेल्या उन्हाळ्यात विधी होऊन तो मोठ्या पुरुषांत गेला होता. मी काही विचारले नाही. पेन घेतले आणि गुरुवारच्या रांगेत त्याचे नाव लिहिले.